भेकरांच्या गाठी

मी लग्न होऊन कशेळ्याच्या वरच्या अंगाला, या वाडीत आले ती अठ्ठावन्न साली. माहेर नेरळजवळचं, भातशेतीचं. गवत म्हणजे बांधावरचं, एवढंच मला ठाऊक. इथं माळावर ते माझ्या डोक्याच्या वर जायचं. दिवाळी झाली की वाडीतल्या बायका विळे घेऊन एका रांगेत उभ्या राहायच्या आणि पहिला हात मारायची माझी थोरली जाऊ, ठकूबाई. सगळे तिला आक्का म्हणायचे. मला मात्र ती पहिल्या वर्षी नुसती ‘नेरळवाली’ म्हणायची. मला विळा धरता येत नाही असं तिचं मत होतं, आणि ते खरं होतं.

त्या माळावर भेकरं चरायची. शेळीएवढी, नराच्या कपाळावर चार शिंगं, म्हणून कुणी त्यांना चौशिंगाही म्हणायचं. पावसाळा सरला की मादी पाडसाला उंच गवतात लपवून चरायला जायची. कापताना कुठं गवत दबून गोल अंथरूण झालेलं दिसलं की कापणारीनं थांबायचं. हात पुरेल तेवढं गवत भोवती उभं ठेवायचं आणि शेंडे एकत्र करून गाठ मारायची. गाठ दिसली की मागची बाई वळसा घालून जायची. आजूबाजूच्या उतारावरचं गवत अजून कापायचं असायचं, त्यामुळे आठ-दहा दिवस पाडसाला आडोसा मिळे. तेवढ्यात त्याच्या पायांत बळ यायचं.

कापणी संपली की आक्का विचारायची, “गाठी किती झाल्या गं?” कधी सात, कधी आठ. एका वर्षी अकरा. जिला जास्त गाठी, ती बाई गावभर मिरवायची. मी पहिली गाठ मारली त्या संध्याकाळी आक्कानं मला पहिल्यांदा ‘मालन’ अशी हाक मारली. अजून आठवलं की बरं वाटतं.

मग बहात्तर साल आलं. पावसानं मध्येच पाठ फिरवली आणि गवत गुडघ्याला येऊन थांबलं. ओढ्याकडच्या कोपऱ्यात ओल होती, तेवढंच काय ते कमरेएवढं. आक्का म्हणाली, “यंदा गाठी नको. हा कोपराच सोडून देऊ.”

“आणि बैलांना काय घालू? माती?” मी म्हटलं. “रीत हाय ना आपली? अंथरूण दिसलं की मारते गाठ.”

आक्कानं विळा उचलला. बैल तिचेही होते.

कोपऱ्यात मला अंथरूण सापडलं. त्यात पाडस होतं, कान तेवढे हलत होते. मी सगळं रीतीप्रमाणे केलं. गोल सोडला, घट्ट गाठ मारली, बाकीचं कापून भारे बांधले. निघताना मागं वळून पाहिलं. सगळा माळ भादरलेला आणि कोपऱ्यात तो एकच झुबका, लांबून डोळ्यांत भरणारा. मला अभिमान वाटला. इतकी मी शहाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचाच कुत्रा, खंड्या, पाडस तोंडात धरून अंगणात आला. माझ्या पायाशी ठेवलं आणि शेपूट हलवत उभा राहिला.

भाकरी जाड झाली तरी चार घरांना ऐकू जाईल असं बोलणारी आक्का, त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. परसात खड्डा तिनंच खणला. तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

त्यानंतर मी गाठ मारली नाही. अंथरूण दिसलं की तिथली सगळी पट्टीच सोडायची आणि गप्प पुढं जायचं. कुणाला सांगितलं नाही. मग आक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, ती ओटीवर बसू लागली, पण विचारायची मात्र दरवर्षी. “गाठी किती गं मालन?” मी सोडलेल्या पट्ट्या मोजून सांगायची. चार. तीन.

माळही आटत चालला होता. वरच्या अंगाला निलगिरी लागली, तिच्याखाली गवत धरेना. खालच्या अंगाला बांध घालून लोकांनी भात केलं, त्यात आमचाही तुकडा होता. पाऊस कधी वेळेवर, कधी नाही. मधली चिंचोळी पट्टी उरली. तिथं गवत उगवायचं, पण दबलेलं कुठं दिसायचं नाही. मी मात्र सांगत राहिले, “दोन, आक्का.” पाच वर्षं दोन.

चौऱ्याऐंशी साली मी तसंच ‘दोन’ म्हटलं, तेव्हा तिनं चाचपडत माझा हात धरला.

“त्या पाडसापासनं तू गाठ मारली नायस,” ती म्हणाली. “मला दिसत होतं तवाच ठावं होतं. मी गाठींचं नाय विचारत. जनावर किती, ते विचारते. खरं सांग.”

“एक पण नाय, आक्का.”

“कधीपासनं?”

“पाच वर्षं झाली.”

तिनं मान हलवली आणि हात सोडला. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर मी गवत कापून आले, विळा वळचणीला खोचला आणि उगाच तिच्यासमोर रेंगाळले. पदर झटकला, पाणी प्यायले, पुन्हा येऊन उभी राहिले. आक्का ओटीवर बसून तांदूळ निवडत होती, बोटांनीच खडा शोधत. माझी चाहूल तिला लागली होती. तिनं विचारलं नाही.