तिच्या मापाचा दांडा

मी दांडा बोलतोय. झेंड्याचा नव्हे, छत्रीचाही नव्हे. म्हाताऱ्या माणसांना धरून चालता यावं म्हणून भिंतीला आडवा बसवतात तो.

कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला बाळासो पोवारांचं घर आहे. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. त्यांच्या झोपायच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत मी भिंतीवर आहे. घरी नवीन आलेलं माणूस मला बघून हमखास विचारतं, "हे एवढं खाली का बसवलंय?" आण्णा उत्तर देत नाहीत. म्हणून मीच सांगतो.

जन्माने मी फणस. मलकापूरच्या पुढे, रत्नागिरी रस्त्याला लागून पोवारांची भाताची खाचरं होती, तिथल्या बांधावर मी वाढलो. त्यांनी घर बांधलं तेव्हा मला तोडून पुढच्या दाराचा उंबरा केला. उंबऱ्याचं जगणं पायाखालचं, पण मानाचं. माझ्यावर कुणी बसलं की आतून ओरडा व्हायचा. बाहेर पडताना कुणी शिंकलं तर निघालेलं माणूस मागे फिरून घोटभर पाणी पिऊन जायचं. शुक्रवारी माझ्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटायची. लाकडाला यापेक्षा जास्त काय हवं?

हौसाबाई नवरी होऊन आली तो दिवस मला लख्ख आठवतो. माझ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं होतं. ते उजव्या पायाने आत लवंडायचं आणि घरात शिरायचं. नवरी बुटकी, शालू पायात येत होता. तिने मापाला नुसता अंगठा लावला. माप हललंसुद्धा नाही.

"अगं, जोरात! तांदूळ काय चावत न्हाईत," सासूबाई आतून म्हणाल्या.

मग तिने असा पाय मारला की माप गडगडत जाऊन सोप्यात बसलेल्या मामांच्या नडगीवर आदळलं. मामा कळवळले, बाकीचे पोट धरून हसले. शेजारी उभा असलेला उंच नवरा तेवढा हसला नाही. तो खाली वाकला आणि तिच्या कानाशी म्हणाला, "तुझ्या पायाला न्हाई न्हवं लागलं?"

तिच्याशी बोलायचं तर आण्णांना वाकावंच लागायचं. पुढे आयुष्यभर लागलं.

आण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. बदल्या होत गेल्या, सरकारी क्वार्टरमध्ये संसार झाला. गावातली जुनी माणसं गेली आणि घराला कुलूप लागलं. मग रस्ता रुंद झाला आणि घर त्यात गेलं. तेव्हा हौसाबाई एवढंच म्हणाल्या, "घर गेलं ते गेलं. उंबरा तेवढा काढून आणा." एका टेंपोत आडवा पडून मी कोल्हापूरला आलो.

तोवर आण्णा निवृत्त झाले होते. एकुलता मुलगा अमरसिंह बायको संयोगितासह बंगळूरला स्थायिक झालेला. दोघांनी ठरवलं, आता शेवटचं घर बांधायचं. पुन्हा कुठे जायचं नाही, जे काय व्हायचं ते इथेच. पुराचं पाणी येणार नाही असा उंचावरचा प्लॉट आण्णांनी शोधला. त्यांनी जन्मभर पाण्याचा अंदाज घेतला होता, त्यात ते चुकले नाहीत.

चुकले ते दुसऱ्या अंदाजात.

आण्णा हौसाबाईंपेक्षा वयाने बरेच मोठे. त्यात हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवलेली. आपण आधी जाणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यामुळे घराचा प्रत्येक विचार त्याच दोन शब्दांनी सुरू व्हायचा. मी गेल्यावर तू जिना कशी चढणार, म्हणून घर एकमजली. मी गेल्यावर वरचा डबा तुला कोण काढून देणार, म्हणून फळ्या खाली. मी गेल्यावर रात्री-अपरात्री कोण आलं तर, म्हणून दाराचं बघायचं भोक तिच्या डोळ्याशी.

"सारखं आपलं गेल्यावर, गेल्यावर!" हौसाबाई वैतागायच्या. "कुटं चाललायसा? पन्हाळ्याला?"

माझ्यावरून मात्र दोघांचं खरं भांडण झालं. मला नव्या दारात बसवायचं हे हौसाबाईंनी धरलेलं. आण्णा म्हणाले, "उंबरा न्हाई. म्हातारपणी पाय उचलत न्हाई, माणूस ठेचाळतंय. उद्या चाकाची खुर्ची आली तर ती काय उडी मारणार हाय?"

"बिनउंबऱ्याचं घर व्हय? आनि लक्ष्मी कशावरनं आत येनार?"

"सपाट दारातनं यील की. तिचंबी गुडघं धरलं असत्यालच आता."

हौसाबाईंना हसू आलं, पण त्या हटल्या नाहीत. दोन दिवस घरात बोलणं कमी झालं. मग एका सकाळी त्याच म्हणाल्या, "त्ये भिंतीला धरायचं लोखंडी आननार हाईसा न्हवं? त्येच्या जागी ह्येलाच बसवा. पायाखाली नको तर हाताखाली तरी ऱ्हाऊ दे."

केरबा सुताराने मला उभा चिरला, रंधा मारला, तुकडे एकापुढे एक जोडले. जुना काळपट थर निघाला आणि आतून पिवळाधमक रंग आला. फणसाचं लाकूड असतंच तसं. पण हौसाबाई हात फिरवून म्हणाल्या, "हळद पार आतपर्यंत मुरलीया बघा."

मग माप घ्यायची वेळ आली. गिलावा झालेल्या भिंतीला पाठ लावून आण्णांनी त्यांना उभं केलं. हात सैल सोडायला लावले. मनगटाशी पेन्सिलीची खूण केली, तीच माझी उंची. कोपराखाली खूण केली, ती ओट्याची. डोळ्याशी केली, ती आरशाची.

"ब्लाऊज शिवायलाय काय माझा?" हौसाबाई म्हणाल्या. केरबा तोंड फिरवून हसला.

"हलू नको. ताठ ऱ्हा."

"ताठच हाय मी. देवानंच हितवर केलंय." मग त्यांनी मान वर करून विचारलं, "आनि तुमचं माप?"

"मला कशाला? मी किती दिवसाचा?"

असं ते घर झालं. सगळंच्या सगळं तिच्या मापाचं.

त्या घरात हौसाबाई राणीसारख्या वावरल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुठलीही वस्तू टाचा उंचावून घ्यावी लागत नव्हती. आण्णांचं कपाळ मात्र लटकत्या कपाटाच्या कोपऱ्यावर आपटायचं. "वाका की जरा," त्या ओट्यापाशी उभ्या राहून म्हणायच्या, आणि पुढे पुटपुटायच्या, "लग्नापासनं सांगायलोय."

गुडघे दुखायचे म्हणून त्या मला धरून चालायच्या. लहानसा, उबदार हात. कधी कणीक लागलेला, कधी खोबरेल. शुक्रवारी देवपूजा झाली की करंडा घेऊन यायच्या आणि माझ्या टोकाला हळदीकुंकू लावायच्या. पहिल्यांदा आण्णांनी विचारलं, "दांड्याला कुंकू?"

"दांडा तुमचा. माझा उंबराच हाय त्यो."

आधी पायाखालचा होतो, तेव्हा कुणी मला घट्ट धरलं नव्हतं. या घरात मला ते मिळालं. थोडेच दिवस मिळालं.

दिवाळी तोंडावर होती. चकलीची भाजणी भाजून झाली होती, घरभर वास होता. डोकं दुखतंय म्हणून हौसाबाई ओट्यापासून निघाल्या. मला धरून खोलीपर्यंत आल्या. दारापाशी त्यांचा हात माझ्यावर आवळला आणि मग सुटला. मेंदूत रक्तस्राव झाला होता म्हणे. दवाखान्यातून त्या परत आल्या त्या चादरीत. त्यांना आत आणताना कुणालाही पाय उचलावा लागला नाही. सपाट दाराचा पहिला उपयोग झाला तो असा.

आण्णा भिंतीशी उभे होते. कुणीतरी म्हणालं, "बसा आण्णा." ते बसले नाहीत. मला धरायला त्यांनी हात खाली केला. मी पोहोचलो नाही.

दिवसकार्य झालं, माणसं पांगली. बाईसाठी बांधलेल्या घरात पुरुष मागे राहिला. ओट्याशी भाकरी थापायचा प्रयत्न करताना त्यांची पाठ भरून येते. दाराची घंटा वाजली की गुडघ्यात वाकून भोकातून बघावं लागतं. आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत नाही, गळ्यापासून खालचं दिसतं. दाढीसाठी ते खुर्ची घेऊन बसतात. "मी गेल्यावर" हे शब्द या घरात पुन्हा कुणी उच्चारलेले नाहीत.

एक दिवस न्हाणीघरातून येताना मला धरायला वाकले आणि त्यांचा तोल गेला. मनगट मोडलं. सावरायला मला लावलं होतं, आणि माझ्यापायीच ते पडले.

अमर बंगळूरहून आला. आल्या आल्या त्याने बापाचं प्लास्टर पाहिलं, मग मला पाहिलं.

"आण्णा, आता माझ्याबरोबर चला. संयोगितानं तुमची खोली लावून ठेवलीय."

"तितं मी काय करू? लिफ्टमधनं वर-खाली करू?"

"मग निदान हे घर तरी तुमच्या मापाचं करू द्या. केरबाकाकांना बोलावलंय. हा दांडा काढायचा आणि वर बसवायचा. इतकंच."

"ह्याला हात लावायचा न्हाई."

"का पण? दांड्यापायी पडलायसा तुम्ही! पुन्हा पडलासा तर मला तिकडं कळणार तरी कसं? एका वितीसाठी हट्ट करताय." अमरचा आवाज चढला होता. चिडला की तो अगदी इथल्यासारखा बोलतो.

केरबा पिशवी घेऊन दारात उभा होता. आत यावं की जावं त्याला कळेना.

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "अमर, तुझी आई केवढी हुती?"

"म्हणजे?"

"केवढी हुती? हातानं दाव."

अमरने हात छातीशी धरला. मग जरा वर नेला. खांद्यापाशी थांबला. पुन्हा खाली आणला. हात वर-खाली होत राहिला आणि मग तो नुसताच हवेत राहिला.

"फोटोत कळतंय?" आण्णांनी विचारलं.

अमरने नाही म्हणून मान हलवली.

"भिंतीवरच्या खुणा रंगात गेल्या. साड्या वाटून टाकल्या. तिचं माप ह्या दांड्यात ऱ्हायलंय. ह्यो वर सरकवलास तर मलाबी उद्या हात असाच वर-खाली करायला लागंल."

अमर माझ्याजवळ आला, मला धरून खाली बसला आणि बसूनच राहिला. केरबा पिशवी ठेवून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला.

शेवटी तोड निघाली. मी आहे तिथेच राहिलो. माझ्यावर एक स्टीलचा दांडा बसला, आण्णांच्या मापाचा. आण्णांनी इथेच राहायचं, पण त्यालाच धरून चालायचं. अमरने तसा शब्द घेतला, मगच गाडीत बसला.

आण्णा शब्दाचे पक्के. ते स्टीलला धरूनच चालतात. मला आता कुणाचा हात लागत नाही. लाकूड हाताच्या तेलावर जगतं. ते नसलं की आतून कोरडं पडतं. माझ्या एका जोडात चीर गेली आहे, वरच्या कडेवर धूळ बसते. टोकाचं कुंकू फिकट होत होत गेलं. एका शुक्रवारी आण्णा करंडा घेऊन माझ्यापाशी आले होते. झाकण उघडलं. बराच वेळ उभे होते. मग झाकण लावून परत गेले. हे आपल्याला शोभतं की नाही, हे त्यांचं ठरलं नसावं.

परवा अमर फोनवर दिसत होता. म्हणाला, "आण्णा, वाकलाय तुम्ही."

"वय झालं की."

मला ते आधीच कळलं होतं. पूर्वी त्यांनी हात सैल सोडला की तो आपोआप स्टीलवर टेकायचा. आता तो उचलून ठेवावा लागतो. खांदे उतरलेत, पाठीला बाक आलाय. काल जाताना त्यांच्या बोटांची टोकं मला लागून गेली. त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

तुम्ही जर दोघांसाठी शेवटचं घर बांधत असाल तर माझं एक ऐका. भिंतीशी दोघांनीही उभं राहा. माप दोघांचंही घ्या. कोण आधी जाणार, ते गिलाव्यावर लिहिता येत नाही.

आणि अमर, तुझ्याकडे एकच मागणं आहे. ही चीर बघून मला एवढ्यात काढू नकोस. तुझे वडील रोज थोडे थोडे खाली येतायत. जन्मभर ते तिच्यासाठी वाकले, आता वय त्यांना वाकवतंय. एक दिवस त्यांचा सोडलेला हात बरोबर तिच्या मनगटाच्या उंचीवर येईल. त्या दिवशी मी इथे असायला हवा.