पिवळ्या गाडीचा उतारा

पादचारी पुलावर मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यांचे मोबाइल रुळांकडे रोखलेले, आणि मधोमध गाडीगुरू डोळे मिटून उभा. एका व्हिडिओने तो रातोरात मोठा झाला होता.

"पिवळी गाडी! ना प्रवासी, ना वेळापत्रक! जो तिला बघेल, त्याचं दुखणं ती घेऊन जाते. पण औषधांना चिकटलात, तर रुसते हो!"

गाडी कधी येणार ते तो सकाळीच मिनिटासकट सांगे. आणि ती येईसुद्धा!

चष्म्याच्या दुकानात काम करणारी धाकटी रोज या पुलावरून जाताना हसायची. पण गाडीगुरूचं ऐकून आपल्या ताईने साखरेच्या आजाराचं इंजेक्शन बंद केल्याचं कळलं आणि तिचं हसू पळालं. ताईचे ओठ सुकलेले, पाण्याचा तांब्या हातातून सुटत नव्हता.

"एवढी गाडी बघू दे गं."

"आधी इंजेक्शन!"

रडून, भांडून ताईने ते घेतलं. "गाडी रुसली, तर तुझ्या माथी!"

धाकटीचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ती रेल्वे फाटकाशी अडकली, तेव्हा केबिनमध्ये फाटकवाल्या काकू फळ्यावर खडूने लिहीत होत्या : तपासणी गाडी, तीन पंधरा.

"काकू, ही कुठली गाडी?"

"पिवळी. यंत्रं लावून रुळांचे तडे शोधते. तिची वेळ मला आधी कळवतात."

"आणि गाडीगुरूला?"

"तो होय! रोज नळावर बाटली भरतो आणि खिडकीतून टकमक बघत बसतो." बोलता बोलता काकू थबकल्या. "अगं बाई!"

लांबून बाटली येताना दिसली. काकूंनी फळा भिंतीकडे फिरवला.

त्या दिवशी गुरूने वेळ दिली पाचची. दुपारी तीनलाच गर्दी जमली होती, ताई आणि धाकटीही तिथेच होत्या. तो हात उंचावून सांगत होता, "पाचपर्यंत धीर धरा!" आणि त्याच्या पाठीमागून पिवळी गाडी धडधडत निघून गेली.

"गुरुजी, गेली की!" कोणीतरी ओरडलं.

"ही... ही तिची बहीण!"

पूल हसला. धाकटीने फळ्याची गोष्ट खणखणीत आवाजात सांगितली. गुरू जिन्याकडे सरकला. एक म्हातारे आजोबा मात्र हसले नाहीत. खिशातली गोळ्यांची पट्टी काढून बघत राहिले.

ताई पुटपुटली, "पण मला बरं वाटत होतं गं."

"रूळही वरून धडच वाटतात, ताई. तरी कोणी नुसत्या वाटण्यावर गाडी सोडत नाही, आधी तपासतात. लोखंडाला तपासायचं आणि माणसाला नवसावर सोडायचं? चल, रक्त तपासून घेऊ."

ताईने पिशवी उचलली.