थाळीनं धरलं

“धरलं! थाळीनं इष धरलं!”

सापाचं विष उतरवणाऱ्या प्रेमदास महाराजांच्या अंगणात एकच गलका उठला. वच्छलाबाईंनी नातीला बसवून धरलं होतं आणि पाच वर्षांच्या आचलच्या उघड्या, ओल्या पाठीवर पितळेची थाळी खिळ्यानं ठोकावी तशी चिकटली होती. बायांनी हात जोडले.

तुराट्यांच्या ढिगातून निघून आचलला चावलेला साप तिच्या आईनं, रक्षानं, स्वतः पाहिला होता. तेव्हापासून ती एकच म्हणत होती, वर्धेला चला. पण नवरा पुण्याला, गाडी दिराची, अमरची, आणि अमर आईच्या, वच्छलाबाईंच्या, शब्दाबाहेर नाही.

“आई, टाइम चालला हो.”

“चूप राय व माय! महाराज इष ओढून राह्यले, अन् तुह्यं आपलं दवाखाना, दवाखाना!”

महाराजांनी गर्दीकडे पाहिलं. “ही शक्ती सायन्सवाल्यायले इचारा, सांगता येते का? इष हाय तंवर थाळी हालत नाई. सरलं का आपोआप गळते!”

रक्षा बी.एस्सी. झालेली, पण पोटची पोर समोर असताना शिकलेलं कुठं आठवतं? ती नुसती पाहत राहिली. पाठीवरचं पाणी कडेकडेनं वाळत गेलं आणि थाळी खणकन् पडली.

“उतरलं! पाहा, पोरगी कशी निवांत झोपली!”

आचल झोपली नव्हती. तिच्या पापण्याच वर होत नव्हत्या. “माय, डोये उघडून नाई राह्यले,” ती बोबडं बोलली.

रक्षानं थाळी उचलली, बादलीत बुडवली आणि महाराजांच्या उघड्या पाठीवर गच्च दाबली. हात काढला. थाळी तिथंच!

“महाराज, तुमालेबी चावला का साप?”

कोणीतरी खुदकन हसलं. रक्षा ओरडून सांगू लागली, “दाबलं का मधली हवा निघते, पाणी फट बुजवते, अन् भाईरची हवा थाळीले रेटून धरते. पाणी वाळलं का हवा आत शिरते, थाळी पडते. तिले इष काय मालूम?”

महाराज क्षणभर गडबडले. मग म्हणाले, “पोरीचं इष म्याच अंगावर घेतलं, बाई. म्हणून चिकटली.”

जयजयकार आधीपेक्षा मोठा झाला. रक्षानं आचलला उचलून छातीशी धरलं. यांना आता काय दाखवायचं?

तेवढ्यात अमरनं वाकून आचलची पापणी बोटानं उचलली. बोट काढताच ती पुन्हा मिटली. त्यानं आईकडे न बघता खिशातून किल्ली काढली. “वयनी, बसा.”

वर्धेच्या दवाखान्यात आता आचलचा श्वास मशीन घेत होतं. “इतका उशीर काऊन केला?” डॉक्टरांनी रक्षाला विचारलं. मागाहून आलेल्या वच्छलाबाई बाकावर बसून पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “पण थाळी त चिकटलती ना व?”

चिकटली होती. ती कोणाच्याही ओल्या पाठीला चिकटते. चावलेल्याच्या, न चावलेल्याच्या, महाराजांच्यासुद्धा. हवा सगळ्यांना सारखीच रेटते, पण विष थांबून राहत नाही. म्हणून साप चावला की पाठ ओली करत बसू नका. गाडी काढा.