प्रकृती नाजूक असल्याची चिठ्ठी

माझा लोटन सुरतेच्या कॉलेजात इंटरला होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या तापीकाठच्या गावात तोवर कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. त्यामुळे कॉलेज म्हणजे काय, हे सगळ्या गावाला मीच सांगत असे. माझं शिक्षण मराठी दुसरीपर्यंतचं, पण सांगायला काय लागतं?

लोटनला वकील व्हायचं होतं. मग पोराला वकिलीच शिकवावी की नाही? तर नाही. आधी इंग्रजी, मग संस्कृत, मग इतिहास, मग तर्कशास्त्र. पुढे वकील होवो नाहीतर मास्तर, इथवर सगळ्यांना सारखंच, आणि सक्तीचं. मी म्हटलं, असेल. पंगतीला बसलं की कारल्याची भाजीही पानात पडते, ती काय आपण मागितलेली असते?

दिवाळीला तो घरी आला आणि जेवता जेवता म्हणाला, "माय, आखो एक सक्तीनं शे. कवायत."

"कसानी कवायत?"

"आठवडामा दोन दिन. सकायले मैदानमा पयनं, उड्या मारन्या. खाकी चड्डी घालीसन."

"गुडघाना वर?"

"चड्डी शे माय. वरच राही ना."

आमच्या घराण्यातल्या पुरुषांचे गुडघे पाच पिढ्यांत चारचौघांनी पाहिलेले नाहीत. शेतात धोतर खोचतात ते वेगळं, तिथं बघायला बैल असतात. मी त्याच दुपारी दौत मागवली आणि प्रिन्सिपालसाहेबांना स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिली: ‘मुलाची प्रकृती लहानपणापासून नाजूक आहे. छातीत दम नाही. कवायतीची माफी असावी. जसोदाबाई.’

लोटनची प्रकृती म्हणाल, तर दोन खांद्यांवर केळीचे दोन घड घेऊन तो मळ्यातून घरी येई. निदान कॉलेजात जायच्या आधी तरी येई. पण चिठ्ठीत अब्रूचं कारण लिहिता येत नाही, प्रकृतीचं येतं. लोटननं चिठ्ठी वाचली आणि गुपचूप खिशात घातली. सकाळी लवकर उठायचं टळत असेल, तर तो पोरगा आपण मेलो असंही लिहू देईल.

माघ महिन्यात तो सुट्टी नसताना घरी आला. हातात कॉलेजचा कागद. माफी हवी तर सिव्हिल सर्जनचा दाखला आणा, आईची चिठ्ठी चालत नाही. कवायतीचे चोवीस दिवस बुडालेत. ते भरले नाहीत तर बाकीच्या विषयांत कितीही हुशार असला तरी परीक्षेला बसायचं नाही. वर्ष फुकट.

मी त्याला बोलतच होते, तोवर ओट्यावर दोधू पाटील येऊन उभे. दोधू पाटील म्हणजे लोटनचे होणारे सासरे. त्यांची रमिला जेठात आमच्या घरी यायची ठरलेली. मुलगी अशी, की तिच्यासाठी दहा घरं टपून बसलेली. दोधू पाटलांचा पुतण्या त्याच कॉलेजात होता, आणि त्याच्या तोंडून माझी चिठ्ठी तापी ओलांडून त्यांच्या घरात शिरली होती.

"जसोदाबाई, आमनी पोर दमेकरीले देवानी नही," ते बसायच्या आधीच म्हणाले.

"कोन दमेकरी? मन्हा पोऱ्या घोडासारखा शे."

"मंग चिठ्ठी कोनी लिखी?"

"मी लिखी."

"म्हनजे तुम्ही खोटं लिखं."

"मी आखी जिंदगीमा खोटं लिखं नही."

"मंग तो आजारी शे."

"आजारी नही."

दोधू पाटलांनी चंची सोडली, सुपारी कातरली, तोंडात टाकली. मग म्हणाले, "दोन्हीमातलं एक काय ते सांगा, यिहीनबाई. खोटं बोलनारी यिहीन माले चालस, घरोघर तश्याच शेतस. जवाई आजारी नको."

लोटन मध्येच म्हणाला, "माय, तर्कशास्त्रमा ह्याले म्हन्तस..."

"तू गप बठ. त्यामा पास व्हय आधी."

मी म्हटलं, आजारी होता, नवसानं बरा झाला. दोधू पाटलांनी लगेच विचारलं, "कोना देवले नवस?" एवढ्या घाईत मला देव सुचेना.

शेवटी ठरलं असं, की तिघांनी सुरतेला जायचं, मी कॉलेजशी बोलायचं, आणि पोरगा धडधाकट आहे की नाही ते दोधू पाटलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. पाहून पटलं नाही तर सोयरीक मोडली. नंदुरबारला गाडीत बसलो. सगळ्या वाटेत दोधू पाटील एकच शब्द बोलले. नवापूर आलं तेव्हा ‘नवापूर’ म्हणाले.

कॉलेजच्या मैदानावर कवायतीचे हवालदार जालमसिंग उभे होते. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस, मिशा अशा की लिंबू ठेवावं. माझी चिठ्ठी त्यांच्याकडेच होती. म्हणाले, रोज सकाळी कवायत केली तर परीक्षेच्या आत चोवीस दिवस भरतील. "लेकिन माजी, जब तक ये चिठ्ठी इधर है, लडका बीमार है. बीमार को मैं नहीं दौडाता."

म्हणजे चिठ्ठी खोटी होती असं मी लिहून द्यायचं. आणि तेही कुणासमोर, तर दोधू पाटलांसमोर. माझ्या सासूबाई जाईपर्यंत वाट पाहत राहिल्या, पण ‘चुकलं’ हा शब्द त्यांनी माझ्या तोंडून ऐकला नाही. मी कागद घेतला आणि लिहिलं, ‘मुलाची प्रकृती ठीक आहे. आधीची चिठ्ठी’ आणि तिथंच टाक अडला. दोधू पाटलांना वाटलं मला अक्षर आठवत नाही. त्यांनी बोटानं हवेत मोठा ‘ख’ काढून दाखवला. मग मी पुरं केलं: ‘खोटी होती. चड्डी मला पसंत नव्हती. अजूनही नाही.’

लोटन चड्डी घालून आला. गुडघे सोललेल्या मुळ्यासारखे पांढरे. हवालदारांनी शिट्टी फुंकली, पोरगा धावला. पहिली फेरी कशीबशी झाली. दुसऱ्या फेरीत तो चालायला लागला, मग चिंचेखाली बसला, मग आडवाच झाला. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली. दोन वर्षं खुर्चीत बसून माझ्या पोरानं माझी खोटी चिठ्ठी खरी करून ठेवली होती, आणि मी ती खोटी म्हणून लिहून दिल्याला पाच मिनिटंही झाली नव्हती.

दोधू पाटील चिंचेकडे बघत होते. रमिला गेली, असं माझ्या मनानं घेतलं. मग जे खरं होतं तेवढंच बोलले. "दोधूभाऊ, आजारी नही तो. आळशी शे. मन्ह्याच लाडनी करेल शे."

त्यांनी सुपारी थुंकली. "आळशीले औषध शे," म्हणाले. पगडी काढून माझ्या हातात दिली, धोतर खोचलं, आणि चिंचेखाली जाऊन पोराला पायानं ढोसलं. "उठा जवाईबापू. आमनी रमिला म्हैसनामांगे यानापेक्षा जास्ती पयस."

पंचावन्न वर्षांचा माणूस त्याच्या बरोबरीनं धावला. मी मैदानात पगडी धरून उभी. हवालदार म्हणाले, बूढे को पलटन में होना था.

चोवीस दिवस दोधू पाटील पुतण्याच्या खोलीवर राहिले. रोज सकाळी जावयाला उठवून मैदानावर नेत, आणि बघत बसायचा कंटाळा येतो म्हणून स्वतःही धावत. दिवस भरले. लोटन परीक्षेला बसला, पास झाला. तर्कशास्त्रात अगदी काठावर.

निकालाचा कागद बघायला दोधू पाटील खास आले. कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "कवायतना मार्क कोठे शेत?"

लोटन म्हणाला, "बाबा, कवायतले मार्क नही ऱ्हातस. नुस्ती सक्ती ऱ्हास."

दोधू पाटलांचा चेहरा पडला. चोवीस दिवस धावलेला माणूस तो. म्हणाले, नुसतं राबायचं आणि नाव कुठंच नाही, ही कुठली रीत?

मी म्हटलं, "दोधूभाऊ, सक्तीना कामले मार्क ऱ्हातात ना, तं आम्ही बाया कव्हयच बी.ए. व्हई जातूत."

ते हसले नाहीत. म्हणाले, पंचांग आणा, लग्नाची तिथी काढू.