ब्याऐंशी अंशांना उघडणारा

पाणी ब्याऐंशी अंशांवर आलं की माझी तबकडी हलते. पंच्याण्णवपर्यंत ती आठ मिलिमीटर वर गेलेली असते. याहून जास्त हालचाल माझ्या आयुष्यात नाही.

मित्रांनो, मी एका ट्रकमधला जुना थर्मोस्टॅट आहे. माझ्या पोटात पितळेची छोटी वाटी आहे आणि वाटीत मेण. मेण तापलं की फुगतं, तबकडी ढकलतं आणि इंजिनातलं गरम पाणी गार व्हायला रेडिएटरकडे जातं. पाणी निवलं की मी मिटतो. मला गरम कळतं, गार कळतं. सुखदुःख म्हणतात ते मेणाला कळत नाही.

चार वर्षांपूर्वी हा ट्रक दोघा भावांचा होता. थोरल्याने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा जड भाग, स्वतः बसवलं. त्याखाली पातळ गॅस्केट घातलं. एकीकडची आग आणि दुसरीकडचं पाणी वेगळं ठेवायचं काम त्याचं. बोल्ट आवळून झाल्यावर त्याने मला माझ्या जागी ठेवलं आणि धाकट्याला म्हणाला, "हा इमानदार आहे. याला हात लावायचा नाही." माझं कौतुक झालं ते तेवढंच.

मागच्या वर्षी थोरला वारला. सोळा दिवस माझ्याभोवतीचं पाणी गार होतं. सतराव्या दिवशी धाकट्याने गाडी काढली. त्याच महिन्यापासून चढावर पाणी शंभरच्या घरात जाऊ लागलं.

धाकटा थांबायचा, बॉनेट उघडायचा, इंजिन निवेपर्यंत कडेला बसायचा, पाणी ओतायचा, निघायचा. वर्षभर हेच. पंख्याचा पट्टा बदलला, पाइप बदलले, रेडिएटर धुऊन घेतला. गॅरेजातले मेकॅनिककाका दर वेळी म्हणायचे, "हेड उघडून बघू या." तो म्हणायचा, "पुढच्या खेपेला."

परवा गाडी टेकडीवर बंद पडली आणि ओढून गॅरेजात आणावी लागली. थोरल्याची बायको, वहिनीही आली. थोरल्याच्या मागे दोन्ही घरं याच ट्रकवर चालतात.

"थर्मोस्टॅट काढून टाका," धाकटा म्हणाला. "तोच अडकत असणार."

"ताप आला म्हणून थर्मामीटर फोडतोस होय रे?" काका म्हणाले. तरी त्यांनी मला काढलं, पाण्याच्या पातेल्यात सोडलं आणि खाली स्टोव्ह पेटवला. ब्याऐंशीला मी हललो.

"बघ, हा बिचारा शुद्धीवर आहे. तुझं काय ते सांग."

धाकटा हसला नाही.

काकांनी मला बाहेरच ठेवून माझी जागा बंद केली, थंड इंजिनात पाणी भरलं आणि रेडिएटरचं झाकण न लावता गाडी सुरू केली. अर्ध्या मिनिटात तोंडाशी बुडबुडे आले.

"एवढ्यात उकळलं?" वहिनीने विचारलं.

काकांनी बोट बुडवून पाहिलं. "गार आहे, ताई. हा जळलेला वायू. गॅस्केट फाटलंय. वायू पाण्यात येतोय आणि पाणी आगीत जातंय. म्हणून तर जमिनीवर एक थेंब दिसत नाही आणि रोज दहा लिटर ओतावं लागतं. आत्ता दुरुस्त होईल. असंच चालवलं तर इंजिन तडकेल, मग गाडी भंगारात."

धाकटा फडक्याला हात पुसत राहिला. हात कोरडेच होते.

मित्रांनो, तापलेल्या यंत्रात ओतायला पाणी कुठेही मिळतं. ते जातं कुठे, हे विचारायला मात्र थांबावं लागतं. वेळेवर विचारा. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधी उघडू नका.

"ते बोल्ट दादाने आवळलेत," धाकटा शेवटी म्हणाला.

"ठाऊक आहे मला," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी चार वाजता जेवायला आले होते, कोपरापर्यंत काळे होऊन. पण भावजी, हे बुडबुडे त्यांनी पाहिले असते, तर तिथल्या तिथे पाना हातात घेतला असता. तुम्ही वर्ष घालवलंत."

काकांनी इंजिन बंद केलं. धाकट्याने इंजिनाकडे पाहिलं, वर्षभरात पहिल्यांदाच हातात पाण्याचा कॅन नसताना.

"काका," तो म्हणाला, "हेड उघडा."