नवऱ्याला रकाना नाही

पुस्तकाशी कोणत्या माणसाचं काय नातं, ते तालिकेच्या कार्डावर लिहायचं असतं. लेखक. संपादक. अनुवादक. चित्रं काढणारा. प्रस्तावना लिहिणारा; मग ती दीड पानाची का असेना, त्यालाही कार्ड. वाल्मिक बोरसे सुरतेत गोडादऱ्याच्या मराठी वाचनालयात ग्रंथपाल होता आणि इतकी वर्षं हीच नाती लावत आला होता. सोयरीक जुळवणारा जसा कोण कुणाचा कोण हे तोंडपाठ ठेवतो, तसं त्याचं. पण 'लेखिकेचा नवरा' असं नातं कुठल्याच कार्डावर नसतं, हे त्याच्या ध्यानात आलं ते शहाण्णवच्या दिवाळीनंतर. आणि आलं तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

समोर एक नवं पुस्तक होतं. गुजराती, पातळसं. त्यानं सवयीनं कार्ड लिहिलं:

सुंदरा धुडकू
    अवळी बाजु / अनुवाद : बन्सीलाल चोखावाला. – सुरत, १९९६.
    मूळ मराठी : उलटी बाजू.

वर तिचं नाव, खाली त्याचं. मध्ये बोटभरही जागा नाही. सुंदरा धुडकू ही वाल्मिकची बायको.

त्यानं कार्ड फाडलं.

*

थांबा. बायकोचं नाव आधी नीट सांगायला हवं.

लग्नात ताटात तांदूळ पसरून वाल्मिकनं अंगठीनं 'योगिता' असं लिहिलं होतं. मुलगी सासरी येते तेव्हा बापाचं नाव जातं, आडनाव जातं, पुष्कळदा स्वतःचंही जातं. सुंदरा हे नाव त्याला जुनाट वाटलं होतं. योगिता त्यानं स्वतः निवडलेलं. आत्यानं ते मांडवात मोठ्यानं सांगितलं, बायका हसल्या, कुणीतरी तांदूळ गोळा करून नेले, आणि सुंदरा संपली. रेशनकार्डावर योगिता. शेजारणींच्या तोंडी योगितावयनी.

मग ती कथा लिहायला लागली. सुरतेत मशीनवरून उतरलेल्या साड्या घरोघर येतात, बायका त्या उलट्या करून मागचे सुटे धागे कात्रीनं तोडतात. तीही तेच काम करायची. कथा त्या बायकांच्याच. धुळ्याच्या एका प्रकाशकानं पुस्तक काढलं आणि वर नाव आलं 'सुंदरा धुडकू'. धुडकू म्हणजे तिचा बाप.

"हे काय?" वाल्मिकनं विचारलं होतं.

"लिहिते ती सुंदरा," ती म्हणाली होती. "योगिताला कुठे वेळ आहे? तिला भाकरी टाकायच्या असतात."

तेव्हा तो हसला होता. खरं तर फुशारला होता. मराठी पुस्तकाचं कार्ड त्यानं शाळेतल्या शुद्धलेखनासारखं घोटून लिहिलं आणि स-च्या खणात लावलं. त्या कार्डावर ती एकटीच होती. ती एकटी होती तोवर त्याचं काहीच म्हणणं नव्हतं.

(पुस्तक त्यानं वाचलं होतं का? नाही. तालिका करणाऱ्याला आतलं पहिलं पान, अनुक्रमणिका आणि पानांची संख्या पुरते. शिवाय पुस्तक घरचंच. कधीही वाचता आलं असतं.)

*

आता बन्सीलाल.

निवृत्त शिक्षक. साठीच्या पुढचा. टक्कल, आणि बोलताना वरची कवळी हलायची. असल्या माणसावर जळायचं म्हणजे जळणाऱ्यालाच लाज वाटावी. वाल्मिकला लाज वाटायची, आणि तरी तो जळायचाच.

अनुवाद चालू होता तेव्हा बन्सीलाल सुट्टीच्या दिवशी यायचा. चपला दाराबाहेर जुळवून ठेवायचा, पाणी प्यायचा, वही उघडायचा.

"सुंदराबेन, आ बाई दोरो दांतमां पकडे छे के होठमां?"

धागा दातात धरते की ओठांत! हा काय प्रश्न झाला? आणि सुंदरा? या घरात सुंदरा अशी हाक लग्नापासून कुणी मारली नव्हती. बेन म्हणतो, म्हणून काय झालं? सुरतेत रिक्षावालाही बेन म्हणतो.

ती तोंडानं उत्तर द्यायची नाही. साडीतून एक धागा ओढायची, ओठांत धरायची, कात्री चालवून दाखवायची. बन्सीलाल वाकून बघायचा, मग ताठ बसून वहीत एक शब्द लिहायचा. एवढं सगळं एका शब्दासाठी! वाल्मिक समोर पेपर धरून बसलेला असायचा. पान उलटायचं विसरायचा.

"वाल्मिकभाई," जाताना चपलेत पाय घालत बन्सीलाल म्हणायचा, "सुंदराबेन बहु झीणुं जुए छे."

फार बारीक बघते म्हणे. मला सांगतो! माझी बायको काय बघते ते मला सांगतो!

"हो का," वाल्मिक म्हणायचा. "या पुन्हा."

आणि तो यायचा.

*

दुसरं कार्ड.

बोरसे, योगिता वाल्मिक
    अवळी बाजु. – सुरत, १९९६.

बस. एवढंच.

नियम पाठीशी होता. माणूस एक असेल तर त्याची सगळी पुस्तकं एकाच नावाखाली आणावीत, असं जळगावच्या कोर्सात शिकवलं होतं. ते नाव पुस्तकावर छापलेलं असावं, वाचक ज्या नावानं शोधत येईल ते असावं, हा नियमाचा दुसरा अर्धा भाग त्याला या वेळी आठवला नाही. शिवाय एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं 'पाहा' कार्ड करायचं असतं, म्हणजे सुंदरा शोधणारा बोरसेपर्यंत पोचतो. ते राहिलं. अनुवादकाचं कार्ड राहिलं. राहिलं म्हणजे, करू की पुढच्या आठवड्यात, पळून चाललेत का? स-च्या खणातलं मराठी पुस्तकाचं जुनं कार्ड मात्र त्याच दिवशी आठवणीनं काढलं आणि तेही बोरसेखाली नव्यानं लिहिलं.

ब-च्या खणात त्याची बायको त्याच्या नावाला टेकून उभी राहिली. खण सरकवताना त्याला गार वाटलं.

पण जळणाऱ्याला गारवा किती वेळ पुरणार? त्यानं पुन्हा पुस्तक उघडलं. काही सापडतं का बघू, म्हणून. आणि सापडलं.

मराठीत कथा सात होत्या. गुजरातीत आठ.

बोट ठेवून त्यानं पुन्हा मोजल्या. शेवटची 'पाणीनो वारो', म्हणजे पाण्याची पाळी. मराठी अनुक्रमणिकेत असलं काही नव्हतं. अनुवाद आहे आणि मूळच नाही! सावली पडलीय आणि झाड कुठे दिसत नाही! म्हाताऱ्यानं स्वतःची गोष्ट तिच्या पदराआडून खपवली होती. वाल्मिकनं पुस्तक मिटलं. दोन दिवस तो घरात शीळ घालत फिरला. तिनं एकदा विचारलंही, "काय व्हयनं? लॉटरी लागली का?"

"काही नाही," तो म्हणाला. योग्य वेळ यायची होती.

*

वेळ सुकलालनं आणली.

सुकलाल भेस्तानला कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसमधून निवृत्त झालेला, त्यांच्याच गल्लीतला. वाचनालयाचं दार उघडलं की पहिला आत. त्यानं स-चा खण चाळला, पुन्हा चाळला.

"वाल्मिकभाऊ, सुंदराबाईनं पुस्तक कोठे शे?"

"कोणती सुंदराबाई?"

सुकलालनं चष्म्यावरून पाहिलं. "कोनती म्हंजे? तुमना घरमा शे ती."

"ब-मध्ये बघा, बाबा."

"ब-मा? बायकोना ब का?"

पेपर वाचणारे दोघे-तिघे पेपरामागे हसले. सुकलाल पुस्तक न घेताच निघाला, तो घरी जायच्या आधी वाल्मिकच्या दाराशी थांबला. "वयनी, तुमनं पुस्तक तठे नहीच शे. काढी टाकं का काय भाऊनी?"

तासाभरात ती वाचनालयात आली. हातातलं काम तसंच टाकून आली असावी, पदराला धाग्यांचे तुकडे चिकटलेले. तिनं स-चा खण ओढला, कार्डं पुढे-मागे केली.

"मी कुठे आहे?"

वाल्मिकनं ब-चा खण तिच्यापुढे केला. तिनं वाचलं.

"ही कोण?"

"तूच की."

"हिनं काय लिहिलंय?"

"योगिता, एका माणसाची दोन नावं झाली की वाचक गोंधळतो. तसा नियम आहे."

"कोण गोंधळलं? सुकलालबाबा तर सरळ माझ्या दारात आले."

पेपर आता सळसळतही नव्हते.

"आणि बन्सीलालभाईंचं नाव?" ती म्हणाली. "त्यांनी वर्षभर डोळे फोडले. त्यांचं कुठेच नाही?"

"त्याचं नाव काढूच नकोस!" वाल्मिकचा आवाज चढला. दोन्ही पुस्तकं त्यानं तिच्यासमोर उघडी आपटली. "हे बघ. तुझ्यात सात, त्याच्यात आठ. आठवी कुठून आली? मूळ दाखव मला. मूळ नाही तर अनुवाद कसला? स्वतःची गोष्ट त्यानं तुझ्या नावावर..."

"ती माझी आहे."

"मग मराठीत कुठे आहे?"

"कुठेच नाही. मी ती लिहिलीच नाही. सांगितली. आपल्या घरच्या बोलीत. त्यांनी ऐकत ऐकत गुजरातीत उतरवली."

"कधी?"

"वर्ल्ड कप चालू होता तेव्हा."

"कुठे?"

"घरात. मी दुसरीकडे कुठे जाते?"

"आणि मी कुठे होतो?"

"तिथेच. टीव्हीसमोर. मध्ये एकदा वळून म्हणालात, हळू बोल."

वाल्मिक आठवू लागला. मॅच...

मॅच आठवली. शेवटची षटकं. मध्येच लाइट गेले, गल्लीभर आरडाओरडा. चहा. चहा कुणी आणून ठेवला होता? कप आठवला. कप ठेवणारा हात नाही. मागे काहीतरी गुणगुण, सतरंजीवर दोघं, आणि वहीचं पान उलटल्याचा...

पाण्याची पाळी. नळावरची? कुणाची पाळी, कुणी मोडली? एक शब्द आठवेना.

आजवर मूळ कुठलं, पहिलं कुणी, कशावरून काय निघालं हेच तो शोधत आला होता. आणि एक मूळ त्याच्या पाठीशी, हात मागे केला असता तर लागलं असतं इतक्या जवळ जन्मलं होतं. त्यानं त्याला दबकावलं होतं. पहिल्यांदा, पूर्ण, त्या कवळीवाल्यानं ऐकलं होतं. इतके दिवस तो उगाच ओठांवरून, हाकेवरून जळत होता. जळण्यासारखी गोष्ट ही होती, आणि ती आता परत मिळणारी नव्हती.

"मला सांग ती," तो म्हणाला.

"आता तशी यायची नाही. छापलीय ना, वाचा. गुजराती येतं की तुम्हाला. बसच्या पाट्या वाचता."

*

तिसरं कार्ड. तिच्यादेखत.

सुंदरा धुडकू
    अवळी बाजु / अनुवाद : बन्सीलाल चोखावाला. – सुरत, १९९६.
    सात कथा मूळ मराठी 'उलटी बाजू'मधून.
    आठवी अहिराणीत सांगितलेली. सांगणारी सुंदरा धुडकू, लिहून घेणारा बन्सीलाल चोखावाला.

आधी नावं निदान वर-खाली होती. आता एका ओळीत शेजारी शेजारी बसली, आणि बसवली त्यानंच. पेन जड झालं. कार्डाच्या तळाशी थोडी जागा उरली होती.

"इथे माझं काही..."

"काय लिहाल?"

"घरात होता, असं."

ती हसली नाही. "ऐकत होता असं असतं, तर मीच म्हटलं असतं, लिहा."

ती जागा त्यानं कोरी ठेवली. कार्ड स-मध्ये लावलं. ब-मध्ये 'बोरसे, योगिता : पाहा सुंदरा धुडकू'. मग च-मध्ये चोखावाला. तो खण त्यानं गरजेपेक्षा जोरात ढकलला. तेवढं कुणीही केलं असतं.

घरी जाताना लूमच्या खात्यांवरून, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांवरून रस्ता होता.

"अजून आहेत का?" त्यानं विचारलं. "न लिहिलेल्या?"

"आहे एक." ती सुरू झाली. "सचिन गावाला जाणाऱ्या बसमध्ये एक बाई रोज दोन तिकिटं घ्यायची. असायची एकटीच. कंडक्टर..."

"ही त्याला सांगितलीस?"

ती थांबली. "सांगितली असेल तर ऐकणार नाही का?"

खरं उत्तर वाल्मिकला माहीत होतं, आणि ते चांगलं नव्हतं. त्याला विचारायचं होतं, पूर्ण सांगितलीस का अर्धी, तो कुठे हसला, वहीत काय टिपलं.

"ऐकेन," तो म्हणाला.

"मग मधे बोलायचं नाही."

"नाही बोलत."

ती पुन्हा सुरू झाली, तोच कुणीतरी एका खात्याचं दार उघडलं आणि सगळा खडखडाट रस्त्यावर आला. तिचं तोंड हलताना दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. वाल्मिक तिच्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला. तिथे रस्ताच नव्हता, गटाराची कड होती. तो एक पाय वर एक पाय खाली असा चालू लागला, मान वाकडी करून, कान तिच्याकडे धरून.

"पडाल," ती म्हणाली. "आणि लोक बघताहेत."

"बघू देत. कंडक्टर काय म्हणाला?"