गरुडाची चपटी

सुगतच्या सिंगापूरमधल्या, हौगांगच्या फ्लॅटमध्ये दारूच्या अकरा बाटल्या होत्या, आणि स्वतः सुगत दारूच्या थेंबालाही शिवत नसे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन काचेच्या चपट्या त्या. कुणावर गरुड, कुणावर द्राक्षांचा घड, बुडाशी काच फुंकणाऱ्याच्या सळईचा खरखरीत वण. नवी आली की हा इंजिनिअर गृहस्थ ती खिडकीशी धरून अर्धा-अर्धा तास उभा. बायको जान्हवी म्हणे, "मला कधी एवढं न्याहाळलंस?"

पण आई, कमलाबाई, नागपूरहून पहिल्यांदा राहायला आली आणि त्याची पाचावर धारण बसली. वडील दारूपायीच गेले होते. "जुन्या औषधाच्या बाटल्या आहेत," त्याने ठोकून दिलं.

दडवलेली खरी गोष्ट याहून वाईट होती. वडिलांना चपटी आणून द्यायचा तो सुगतच, दप्तरात लपवून. वाटेत उन्हात धरून बघायचासुद्धा, काच चमकते कशी म्हणून. आईला वाटे, शेजारचा मनोहर पुरवतो. तिने मनोहरशी बोलणं टाकलं, आणि सुगत गप्प राहिला. त्याची त्याला आजही लाज वाटे.

वैशाख पौर्णिमेच्या सकाळी सगळे वंदनेला बसले आणि त्याचं लक्ष समोर गेलं. बुद्धमूर्तीपुढे गरुडाच्या चपटीत पांढरी फुलं! ती बाटली आईनेच हौसेने निवडली होती. पंचशील म्हणता म्हणता मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं आणि तेवढी ओळ त्याने गाळली. नऊ वर्षांची लेक एकता शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत खुसखुसली, "पप्पा, दॅट वन व्हिस्की बॉटल लाह!"

कमलाबाईंनी वंदना शांतपणे पुरी केली. मग विचारलं, "व्हिस्की म्हणाली ना ही?"

"हो आई. सगळ्याच दारूच्या आहेत. मी खोटं बोललो."

आता आई भडकणार, असं धरून तो बसला. तिने फुलं काढून ताटलीत ठेवली आणि बाटली पदराने पुसायला घेतली.

"काचेचा काय दोष रे? दोष घरात आणून देणाऱ्याचा. म्हणून तर मनोहरला मी कधी उंबरा चढू दिला नाही."

सुगतला राहवेना. "आई, मनोहरकाका नव्हते आणत. मी आणायचो."

पदर थांबला. "केवढा होतास?"

"नऊ वर्षांचा."

ती एकताकडे बघत राहिली. एकता पाय हलवत फुलाच्या पाकळ्या खुडत होती.

"आई, बोल मला काहीतरी. मार हवं तर."

"तुला काय बोलू?" तिने चपटी हळूच खाली ठेवली. "भिंतीला भिंत लागून घर होतं. मनोहरच्या मयतीलाही गेले नाही रे मी."